येडीचा काठ

महागू कोष्ट्याच्या हातात कला नव्हती. हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि तेच त्याचं जन्माचं दुखणं होतं. हात साफ होता, धागा तुटू देत नव्हता, बालाघाटच्या कोष्टीपुऱ्यात त्याच्याइतकं घट्ट कापड विणणारे फार तर दोघं-तिघं निघाले असते. पण काठ? काठ बापाचेच. बापानं मरताना तीन काठ शिकवले होते, तेच तीन तो पंधरा वर्षं आळीपाळीनं विणत होता. विणकर सोसायटीचा सेक्रेटरी दुलीचंद लुगडं उलटंपालटं करायचा आणि दरवेळी तेच बोलायचा, "वही का वही, महागू. कुछ नया लाओ भाई." नवीन काय झाडाला लागतं! महागू मान खाली घालून घरी यायचा आणि घरी आल्यावर उगाच बायकोवर डाफरायचा.

आणि शेवटी नवीन काढलं कोणी, तर त्या बायकोनंच. तेही घरी नाही, दवाखान्यात, आणि दवाखाना वेड्यांचा.

त्रेसष्ट साली गोवराची साथ आली, तिच्यात लीलाबाईच्या दोन्ही पोरी आठ दिवसांच्या अंतरानं गेल्या. थोरली पाच वर्षांची, धाकटी तीनची. लीलाबाई रडली नाही. बायका म्हणाल्या, रडवा गं हिला कोणीतरी, नाहीतर आत साचेल. कोणाला जमलं नाही. महिनाभरानं एके दिवशी महागू मागावर बसायला गेला, मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडणार तोच ती आडवी आली. "पाय नका ठेवू. पोरी हायेत खाली." महागू हसला. मग त्याच्या लक्षात आलं की ही चेष्टा नव्हे. त्या दिवसापासून तिचं जेवण सुटलं, झोप सुटली, खड्ड्याशी बसून गप्पा सुरू झाल्या. आणि एक दिवस कात्री घेऊन तिनं मागावर चढवलेला उभ्या धाग्यांचा सगळा ताणा कापून टाकला, पोरींचे केस त्यात गुंतले म्हणून. दीड महिन्याचं काम एका सकाळी जमिनीवर.

मिरचीची धुरी झाली, देवऋषी झाला, खांबाला बांधून ठेवणंही झालं. बांधलं महागूनंच, स्वतःच्या हातानं, आणि बांधताना रडलाही. तसा माणूस दगड नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं ऐकणाऱ्याला तसं वाटेल. शेवटी भरवेलीच्या खाणीत कंपाउंडर असलेला तेजराम, लीलाबाईचा मावसभाऊ, घरी येऊन ओरडला, "जनावर हाय का ते? नागपूरकडे मिशनचा दवाखाना हाय डोक्याचा, तथी न्या." मग छोट्या लाईनीनं गोंदिया, तिथून मोठ्या गाडीनं पुढं. महागू तिला सोडून आला आणि आईला म्हणाला, "माय, आता ते काई परत येत नाई."

दवाखान्यात बायकांना हाताला काम द्यायची रीत होती. कोणी टोपल्या विणायचं, कोणी उशांना टाके घालायचं. लीलाबाई कशालाच हात लावीना. तिथं दुर्गाबाई म्हणून गोंदियाकडच्या एक नर्स होत्या. एकदा त्या तापाचा तक्ता खाटेवर विसरल्या. चौकटी-चौकटींचा कागद, शेजारी पेन्सिल. परत येऊन पाहतात तो लीलाबाईनं निम्मा कागद भरून काढलेला. एक चौकट काळी, दोन सोडलेल्या, परत एक काळी. कोष्ट्याची पोर ती. बापाच्या घरी तिनं हेच पाहिलं होतं, एक चौकट म्हणजे एक धागा. दुर्गाबाई रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजारातून गणिताची चौकटीची वही घेऊन आल्या आणि काही न बोलता तिच्या खाटेवर ठेवून गेल्या.

आठ महिने गेले त्या वहीवर. आधी पानंच्या पानं नुसती काळी. मग काळ्यात वाटा पडू लागल्या. मग एक दिवस काठ दिसला, सरळ, दोन्ही बाजूंनी बांधलेला, आणि त्या काठातून चाललेली बारकी बारकी पावलं, दोन जोड्या, एक जरा मोठी आणि एक लहान. तो काठ पुरा झाला त्या दिवशी लीलाबाईनं दुर्गाबाईंना विचारलं, "पोरी मेल्या ना वो, बाई?" दुर्गाबाई म्हणाल्या, "हो बाई, गेल्या." मग ती दोन दिवस रडली. वर्षभराचं रडणं होतं ते. डॉक्टर म्हणाले, आता ही घरी जाऊ शकते.

न्यायला महागू गेला तेव्हा डॉक्टरांनी त्याला दोनच गोष्टी सांगितल्या. पांढरी गोळी रोज संध्याकाळी, एक दिवसही चुकवायची नाही. आणि ही वही. तिला पाहिजे तेव्हा, पाहिजे ते काढू द्यायचं. "मागायचं मात्र नाही," डॉक्टर बोट वर करून म्हणाले. "तिनं आपण होऊन दिलं तर घ्यायचं." महागूनं मान डोलावली. गाडीत त्यानं सहज म्हणून वही उघडली आणि तो पावलांचा काठ पाहिला. आधी बापाचा जीव कळवळला, खोटं कशाला बोला. पण गोंदिया यायच्या आत विणकर जागा झाला होता. तो मनातल्या मनात धागे मोजत होता.

लुगडं विणलं. लीलाबाईनं स्वतःच म्हटलं, "विणा, मले बी पाहू द्या कसं दिसते." दुलीचंदानं ते हातात घेतलं आणि उभाच राहिला. "अरे वा! लक्ष्मी के पाँव! किसने बनाया?"

एवढंच विचारलं त्यानं. महागूच्या तोंडाशी बायकोचं नाव आलं होतं. पण त्याला कळत होतं की असलं लुगडं लग्नाला जाणार. आणि कोष्टीपुऱ्यात काय, परसवाड्यापासून बिरशापर्यंत कुठंही जा, जिची लेकरं गेली तिच्या हातचं काही नवरीच्या अंगाला लागू देत नाहीत. हळदीच्या ताटाला तिला हात लावू देत नाहीत, मग लुगड्याचा काठ तर दूरच. त्यात परत ही येडी. येडीचा काठ कोण नेसेल?

"म्याच काढला," महागू म्हणाला.

हे लीलाबाईला त्यानं घरी येऊन सांगितलं, तेवढा प्रामाणिकपणा तेव्हा होता. तिनं जरा विचार केला. "राहू द्या तुमच्या नावानं. मले काय करायचं नावाचं? वही भरली का दुसरी आणून देत जा, बस." एवढ्यावर सौदा झाला आणि दोघांनाही तो बरा वाटला. ते वर्ष त्यांच्या संसारातलं सगळ्यात चांगलं वर्ष म्हणायला हरकत नाही. दुपारी धाग्याच्या कांड्या भरून झाल्या की लीलाबाई वही घेऊन ओसरीवर बसायची. महागूची आई शेवंताबाई संध्याकाळी गोळी नि पाण्याचा तांब्या घेऊन सुनेसमोर उभी राहायची आणि गिळल्याशिवाय हलायची नाही. लक्ष्मीपावलांची लुगडी लग्नसराईत हातोहात गेली. बालाघाटच्या नवऱ्या लीलाबाईच्या मेलेल्या पोरींची पावलं नेसून बोहल्यावर चढल्या आणि कोणाला काही कळलं नाही. महागूला वाटेत लोक हाक मारू लागले. चहाच्या टपरीवर त्याला बाकावर जागा होऊ लागली. पंधरा वर्षं "वही का वही" ऐकलेल्या माणसाला याची चव काय लागते, ते ज्याला लागली त्यालाच ठाऊक.

आणि लीलाबाई बरी होत गेली. हीच तर पंचाईत झाली.

ती बायकांत बसू लागली, हसू लागली, सासूशी भाजीच्या मिठावरून भांडली. तसतसे काठ बदलले. आधी दोन जोड्यांची एक जोडी झाली. मग पावलं लांब लांब पडू लागली. पासष्टच्या उन्हाळ्यात तिनं जो काठ काढला त्यात पावलं नव्हतीच. दोन सरळ रेघा आणि मध्ये अंतरा-अंतरानं एकेक धानाचा दाणा. साधा, शांत काठ. तिला तो फार आवडला होता. तिनं तो आपण होऊन महागूला दाखवला, असं कधी करत नसे.

"आन पावलं?" महागूनं विचारलं.

"पोरी गेल्या आता," ती म्हणाली. "रोज रोज कुठून चालवू त्यायले? थकल्या असतीन."

दुसरा कोणी असता तर तिथंच तिच्या पाया पडला असता. महागूनं तो काठ विणून दुलीचंदाकडे नेला. दुलीचंदानं नाक मुरडलं. "इसमें वो बात नहीं." आणि वरून बातमी दिली की दिवाळीनंतर जबलपूरला हातमागाचं मोठं प्रदर्शन आहे, सोसायटीकडून एकाच विणकराचं नाव जाणार, महागूचं जाणार, पण पाच नवे काठ पाहिजेत. पावलांच्या जातीचे. "नहीं तो खेमराज का नाम दे दूँगा."

खेमराज म्हणजे शेजारचाच. महागूनं घरी येऊन बायकोकडे काठ मागितले. डॉक्टरांचं बोट आठवलं की नाही, देव जाणे. ती बिचारी बसली, दोन दिवस बसली, रेघा आणि दाणे, रेघा आणि दाणे. "मले दुसरं येत नाई वो आता," ती म्हणाली आणि तिला त्याचं वाईटही वाटलं. त्याला मदत करायची होती तिला.

मग महागूच्या डोक्यात तो विचार आला. एकदम नाही आला. आधी नुसतं वाटलं, बिमारीत काय काढत होती ही! मग वाटलं, काठ हिचा नाहीच, बिमारीचा आहे. गोळीनं बिमारी दाबली, तिच्याबरोबर काठही दाबला गेला. आणि मग, नुसतं दोन महिने. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत. पाच काठ झाले की गोळी परत सुरू. आता इतकी बरी आहे, दोन महिन्यांत काय आभाळ कोसळतं? स्वतःची समजूत काढायला बसलेला माणूस स्वतःशी फार गोड बोलतो. महागूला तर वाटलं की यात तिचंही भलंच आहे.

आईला त्यानं सांगितलं, "माय, तुह्या डोळ्याले दिसत नाई आता. गोळी मीच देत जाईन." शेवंताबाईला भरून आलं. तिनं ही गोष्ट विहिरीवर सांगितली आणि पुऱ्यातल्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांना ऐकवली, बायकोची काळजी घ्यावी तर महागूसारखी. महागूनं गोळ्यांची बाटली पेटीच्या तळाशी ठेवली आणि किराणा दुकानाच्या बरणीतून पांढऱ्या पेपरमिंटच्या गोळ्या आणल्या, दिसायला तशाच, बारक्या.

पहिल्याच संध्याकाळी लीलाबाईनं गोळी जिभेवर ठेवली आणि चमकून पाहिलं.

"गोड हाय!"

त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"गोळी बदलली का डॉक्टरनं?" तिचा चेहरा उजळत गेला. "बरी झाली म्हणून? हलकी केली?"

"हौ," महागू म्हणाला.

ती खुश झाली हो! सासूला सांगितलं, विहिरीवर सांगितलं, भरवेलीला तेजरामदादाला निरोप धाडला, माही कडू गोळी सुटली, आता गोड देतात. दोन वर्षं ती कडू गोळी गिळत होती आणि ती सुटण्याची वाट पाहत होती. रोज संध्याकाळी ती महागूपुढं तळहात पसरायची आणि गोळी गिळायची नाही, चघळत बसायची. हे सगळं महागू रोज पाहत होता. एकदा तरी तिचा हात धरून खरं सांगावं असं त्याला वाटलं असेल, नाही असं नाही. पण तिसऱ्या आठवड्यात वहीत पाऊल उमटलं.

मग धरणच फुटलं. पावलं आली, नुसती चालणारी नाहीत, पळणारी. काठ ओलांडून पदरात शिरणारी, परत वळणारी, एकमेकींच्या मागं लपणारी. एका काठात त्या पावलांना पैंजण होते, इतके बारीक की महागूला चौकटी मोजताना भिंग लागलं. असं काम त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. पहिला काठ झाला, दुसरा झाला. लीलाबाईची झोप कमी झाली. तिसरा झाला. तिनं ताट बाजूला सारायला सुरुवात केली. शेवंताबाई म्हणाली, "महागू, पोरीचे डोळे पाय. मले काई ठीक दिसत नाई." तो म्हणाला, "काम हाय माय, कामाचा ताण हाय." चौथ्या काठाच्या वेळी ती वही सोडून भिंतीवर, चुलीच्या ओट्यावर, स्वतःच्या हातावर चौकटी आखू लागली. पाचवा काठ तिनं दोन दिवस न थांबता काढला आणि काढून झाल्यावर मागाच्या खड्ड्याशी जाऊन बसली, आणि आत वाकून हलक्या आवाजात बोलू लागली.

महागूनं पाचही काठ दुसऱ्या कागदावर उतरवून दुलीचंदाच्या हवाली केले आणि धावतपळत घरी येऊन पेटीच्या तळातून बाटली काढली.

तिनं गोळी तोंडात घेतली आणि थुंकली.

"हे कडू हाय. हे बिमारीचं हाय."

"घे, लीला. घे वो माये."

"काहून घेऊ? मी तं बरी झालती. तुमीच म्हनले. बऱ्या मानसाले गोड देतेत."

त्यानं जबरदस्ती केली, नाक दाबलं, पाण्यात विरघळवून पाहिलं. तिनं सगळं ओकून टाकलं. शेवटी तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "ते पेपरमिंट होतं, लीला. दुकानातलं. म्या फसवलं तुले."

लीलाबाई हसायला लागली. कितीतरी वेळ हसली. मग त्याच्या गालावरून हात फिरवून, लेकराची समजूत काढावी तशी म्हणाली, "तुमी काहून मले फसवसान?"

आठवडाभरात परत छोटी लाईन, परत गोंदिया. जबलपूरच्या यादीत महागूचं नाव गेलं होतं. पुढच्या सोमवारी निघायचं होतं, सोसायटीनं त्याच्यासाठी नवा कोट शिवायला टाकला होता. गाडीत लीलाबाई वही छातीशी धरून बसली होती आणि ओठ सारखे हलत होते.

दुर्गाबाईंनी तिला दारातच ओळखलं आणि त्यांचा चेहरा पडला. तिचा जुना केसपेपर काढून त्या डॉक्टरांच्या शेजारी बसल्या. डॉक्टरांनी वही चाळली. ते एकेक पान उलटत होते तसं त्यांच्या कपाळाला आठ्या पडत होत्या. शेवटच्या पानांवर तर पेन्सिलीनं कागद फाटला होता.

"गोळ्या चालू होत्या ना?" दुर्गाबाईंनी विचारलं.

महागूच्या आधी लीलाबाईच बोलली. इतका वेळ स्वतःशी पुटपुटणारी बाई ताठ बसून, अभिमानानं, स्पष्ट बोलली, "एक बी दिवस चुकवली नाई यायनं. सोताच्या हातानं देत होते."

दुर्गाबाईंनी महागूकडे पाहिलं. "खरं का? एकही दिवस नाही?"

हे विचारताना त्यांचा आवाज मऊ होता, म्हणजे त्यांना संशयही नव्हता. सांगायला फार शब्द लागत नव्हते. गोळी दिली नाही बाई, मी दिली नाही, एवढंच. त्यानं तोंड उघडलं. समोर डॉक्टर, बाजूला दुर्गाबाई, आणि दुर्गाबाई गोंदियाच्या, गोंदियाहून बालाघाटला रोज किती लोक येतात-जातात. गोष्ट कोष्टीपुऱ्यात यायला किती वेळ! मग दुलीचंद, मग खेमराज, मग विहिरीवरच्या बायका.

"हौ," महागू म्हणाला. "रोज दिली."

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. मग ते दुर्गाबाईंशी बोलले, आणि महागूला सगळं समजेल अशा मराठीतच बोलले. गोळी रोज घेऊनही हे झालं, म्हणजे गोळी हिला लागू पडत नाही. विजेचे झटके द्यावे लागतील. आणि हे चित्र काढणं, यानं बरं वाटतंय असं आपल्याला वाटलं होतं, ती आपली चूक. यानंच हिचं डोकं तापतंय, पानं पाहा की. आजपासून वही बंद, पेन्सिल बंद. पुन्हा कधीच नाही.

"पण डॉक्टर, यानंच तर ती..." दुर्गाबाई म्हणाल्या.

"मलाही वाटलं होतं," डॉक्टर म्हणाले.

दुर्गाबाई उठल्या. लीलाबाईच्या मांडीवरच्या वहीला त्यांनी हात लावला, तशी तिनं वही दोन्ही हातांनी घट्ट धरली. ओरडली नाही, चावली नाही. तिनं महागूकडे पाहिलं. घरात, दवाखान्यात, साऱ्या जगात तिच्या बाजूनं बोलणारा तोच एक होता.

"सांगा ना यायले," ती म्हणाली. "तुमी सांगा. तुमचं आयकतीन."

महागू खिडकीबाहेर पाहत होता. बाहेर काही नव्हतं.

"देऊन टाक, लीला," तो म्हणाला.

लीलाबाईनं क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग बोटं एकेक करून सोडवली आणि वही दुर्गाबाईंच्या हातात दिली. तो सांगतो आहे म्हणजे काहीतरी भल्याचंच असेल, असं तिला वाटलं.